ब्रुनोचा डावा हात

फर्स्ट बेसवर ब्रुनो गेडविलास उभा असला की थ्रो कुठे टाकायचा याचा विचार करावा लागत नसे. बेसवर एक पाय, गुडघे थोडे वाकलेले, दोन्ही हात छातीसमोर उघडे. मी थर्ड बेसवर बॉल उचलायचा आणि बॅट मारून पळणारा ब्रुनोच्या बेसवर पोचायच्या आत आडव्या मैदानातून त्या हातांत फेकायचा, की तो आउट. कित्येक उन्हाळे आम्ही एवढंच केलं. मी पाइपफिटर होतो, तो गवंडी. दोघंही आता निवृत्त. दोघांनाही अर्धवट काम खपत नाही. त्यामुळे आमच्यात बोलणं कमी आणि भांडण त्याहून कमी.

शिकागोत आमच्या बाजूला सॉफ्टबॉल हातमोज्याशिवाय खेळतात. बॉल सोललेल्या नारळाएवढा. खोक्यातून नवा निघतो तेव्हा दगडासारखा असतो आणि अख्खी मॅच त्या एकाच बॉलवर होते. मार खाऊन तो मऊ पडत जातो. शेवटी शेवटी त्याची जुनी उशी होते. खरी परीक्षा पहिल्या दोन इनिंगची. तिथे ज्याचे हात टिकले त्याला आम्ही खेळाडू म्हणतो. बाकीचे येतात आणि जातात. आमच्या टीममध्ये प्रत्येकाचं एक तरी बोट वाकडं आहे.

ब्रुनोची दोन वाकडी आहेत, पण ती बॉलने केलेली नाहीत. उजव्या तळहाताच्या आतली शीर दोरीसारखी आखडत गेली आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट आत ओढलं गेलं. डॉक्टरांनी एकदा कापून मोकळी केली. ती पुन्हा आखडली. यंदा वसंतात डॉक्टर म्हणाले, आता परत कापून फारसं काही हाती लागणार नाही. ब्रुनो घरी आला आणि अल्डोनाला, म्हणजे बायकोला, एवढंच म्हणाला, "हा हात आता एवढाच." मुलगा डेन्व्हरहून फोनवर म्हणाला, बाबा, खेळणं सोडा. ब्रुनोने त्याला तिकडच्या हवेबद्दल विचारलं.

माणूस कसा आहे ते एका भिंतीवरून सांगतो. चर्चच्या शाळेची भिंत होती, लांबलचक. संध्याकाळी हत्यारं धुवायच्या आधी ब्रुनोने ओळंबा लावला, तर दोन सूत फरक. त्या अंतरावरून कुणाच्या बापाला दिसला नसता. विटांमधला माल अजून ओला होता. त्याने त्या दुपारचे सगळे थर उतरवले, विटा पुसून बाजूला रचल्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे येऊन पुन्हा चढवल्या. ठेकेदार आरडाओरडा करायला लागला. ब्रुनो म्हणाला, "ओरडणं तुझं काम. भिंत माझं." आणि थापी चालूच ठेवली. मी त्याच शाळेत तळघरात पाइप जोडत होतो. आमची ओळख तिथली.

तर असा माणूस. आणि मागच्या गुरुवारी त्याच्या हातून दोन थ्रो सुटले. दोन्ही माझे. दोन्ही सरळ, छातीवर.  मॅच संपल्यावर गाड्यांपाशी ब्रुनोनेच मॅनेजरला गाठलं. मॅनेजर म्हणजे फर्गस टुही. बस डेपोत मेकॅनिक होता. पोट मोठं, आवाज मोठा आणि डोळ्यांत पाणी यायला वेळ लागत नाही.

"येत्या गुरुवारी मी उभा राहतो," ब्रुनो म्हणाला. "परत दोन सुटले तर तिथेच ड्वेनला उभा कर. मला विचारत बसू नकोस."

"अरे, एका मॅचचं काय घेऊन बसलास?"

"एका मॅचचंच घेऊन बसलोय. दोन सुटले की ड्वेन."

ड्वेन प्रोकॉप आमच्यात अठ्ठावन्नचा, म्हणून पोरगा. तो आपल्या गाडीत बसून काच वर करायला लागला. त्याला ही जागा हवी होती, पण अशी नको होती.

गुरुवार उजाडला. सकाळची मॅच, समोर ओल्वेराची टीम. एझेकिएल ओल्वेरा सोफे शिवायचा. अजूनही सुई ओढल्यासारखी बॅट ओढतो. पंच लोरेन साबो. जन्मभर शाळेची बस चालवली बाईने. तिच्याशी वाद घालायची कोणाची छाती नाही. यजमान आम्ही, म्हणून बॉल आमचा. खोकं पंचाने उघडायचं असतं. पण लोरेन बुटाची नाडी बांधत होती तेवढ्यात फर्गसने ते फाडलं आणि पांढराशुभ्र बॉल पिचरकडे टाकला.

पहिलाच फटका जमिनीवरून माझ्याकडे आला. मी उचलला, फेकला. ब्रुनोने घेतला. आउट. आमच्या बेंचने टाळ्या पिटल्या, फर्गसने सगळ्यांत जोरात.

ब्रुनोने बॉल पिचरला परत दिला नाही. नवा बॉल हातात बसला की चट्ट असा आवाज होतो. आत्ता झाला होता गादीवर थाप मारल्यासारखा. त्याने अंगठा दाबून पाहिला. मग आपला तळहात पाहिला. तो पांढरा झाला होता. त्याने तळहात नाकाशी नेला, आणि चालत लोरेनकडे गेला.

"खेळ थांबव. हा बॉल नवा नाही."

"आत्ता माझ्यासमोर खोक्यातून निघालाय."

"खोकं नवं असेल. याला बूटपॉलिश लावलंय."

लोरेनने बॉल दाबला. वास घेतला. "फर्गस! इकडे मर."

फर्गस टोपी काढून आला, जसा काही चर्चमध्येच चाललाय.

"गाडीखाली आला होता," तो म्हणाला.

"आला, की घातलास?"

"घातला. गल्लीत. पुढे-मागे, पुढे-मागे. तरी दबेना. मग व्हॅनमध्ये मेव्हण्याला बसवलं."

ओल्वेराचा बेंच हसून आडवा झाला. एकजण विचारत होता, मेव्हण्याचं वजन किती.

"आणि पॉलिश?"

"बहिणीचं. नर्स आहे ना ती. पांढरे बूट."

ब्रुनो हसला नाही. "कोणासाठी केलंस?"

फर्गसने टोपी उलटी करून आत पाहिलं.

"मी विचारतोय, कोणासाठी?"

"तुला ठाऊक आहे कोणासाठी."

"मी सांगितलं होतं?"

"नाही सांगितलं! तू काय सांगितलंस? दोन सुटले तर तिथेच उठव. बोलून मोकळा झालास. उठवायचं कोणी? मी! तुझ्या लग्नात नाचलोय मी, आणि मी तुला सगळ्यांसमोर बेंचवर बसवू? नाही जमत मला. व्हॅन चालवता येते, ती चालवली."

 फर्गसने त्याच टोपीने नाक पुसलं.

"नियमाने बघितलं तर मॅच ओल्वेराची," लोरेन म्हणाली. "काय रे ओल्वेरा, घेतोस?"

ओल्वेराने आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. दोन्हीवर पट्टे आवळलेले. "हे बांधायला मला अर्धी सकाळ लागली. ते असेच सोडू? माझ्या गाडीत नवा बॉल आहे. पहिल्यापासून खेळू." मग तो ब्रुनोकडे वळला. मान द्यायचा असला की तो नावाआधी स्पॅनिशमधलं 'डॉन' लावतो. "पण डॉन ब्रुनो, तो खरोखरचा नवा आहे हं. तुम्ही तो झेलणार कशाने?"

"तो माझा प्रश्न."

"तुमचाच. नंतर म्हणाल, ओल्वेराने सांगितलं नाही."

या वेळी खोकं लोरेनने स्वतः उघडलं, गाडीच्या किल्लीने. आधीचा आउट रद्द झाला. ब्रुनो परत बेसकडे जाताना वाट वाकडी करून माझ्यापाशी आला.

"मार्टी, तू काय पार्सल पोचवायला आलायस?"

"म्हणजे?"

"मघाचा थ्रो. दार वाजवून आत आला. जोरात टाक."

"नेहमीसारखाच टाकला."

"जोरात टाक," तो म्हणाला आणि गेला.

पहिली इनिंग. बॉल दुसऱ्या बाजूला गेला, तिथून थ्रो आला. मला फक्त बघायचं होतं, म्हणून तेव्हा दिसलं. ब्रुनोचे पाय उलटे होते. इतकी वर्षं बेसवर डावा पाय आणि पुढे उजवा हात, हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. आज बेसवर उजवा पाय होता. पुढे डावा हात, आणि उजवी वाकडी मूठ वरून नुसती झाकणासारखी. मग आठवलं की मागच्या गुरुवारीही पाय असेच होते. तेव्हा आम्ही सगळे त्याच्या हाताकडे बघत होतो. पायांकडे कोणी पाहिलंच नाही.

चट्ट. आउट.

गवंड्याच्या उजव्या हातात थापी असते, वीट डाव्यात. परांचीवर उभं राहून खालून फेकलेली वीट तो त्याच हाताने झेलतो, न बघता, दिवसभर, थंडीतसुद्धा. ब्रुनोचा तो हात शाबूत होता. त्याला बॉलची ओळख तेवढी करून द्यायची होती.

ओळख अजून पक्की झाली नव्हती. त्याच इनिंगमध्ये एक थ्रो जरा उंच आला, बोटांना लागून सुटला आणि त्याच्या बुटावर पडला. धावणारा सुखरूप पोचला. बेंचवर ड्वेनने पाण्याची बाटली उचलली आणि न पिता खाली ठेवली. फर्गसने मैदानाकडे पाठ केली. ब्रुनोने बॉल उचलला, पिचरला दिला, हात पँटला पुसला.

"एक," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

दुसऱ्या इनिंगला बॉल अजून कडकच होता. त्यांचे दोन आउट झाले आणि खुद्द ओल्वेरा बॅट घेऊन आला. त्याने माझ्या उजवीकडून, रेषेला घासून मारला. मी आडवा पडलो. बॉल हाताला लागला, तो कसा ते मला आजही सांगता येणार नाही. उठायला वेळ नव्हता. गुडघ्यांवरूनच फेकला, आणि जोरात फेकला. सुटता क्षणीच कळलं की खाली जाणार. तो बेसच्या अलीकडे जमिनीवर आपटला. असा बॉल कुठे उडेल ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. चांगल्या हातांनीही असे सुटतात. सुटला असता तर कोणी ब्रुनोला दोष दिला नसता. पण त्याने स्वतः मोजला असता.

ब्रुनो पुढे ताणला, गुडघा मातीला टेकेपर्यंत. डावा हात जमिनीलगत, तळवा वर. बॉल उडायच्या आत त्याच्याखाली हात घातला आणि वर उचलला. चट्ट. उजवी मूठ मागाहून वर येऊन बसली. तसाच बसून त्याने बॉल लोरेनला दाखवला.

"आउट!"

ओल्वेरा अजून अर्ध्या वाटेत होता. "डॉन ब्रुनो, हे बरोबर नाही! या गुडघ्यांना मी शब्द दिला होता!"

आमचा बेंच ओरडत होता. ब्रुनो उठला, माती झटकली आणि माझ्याकडे बोट केलं. "जोरात टाक म्हटलं होतं. पुरून टाक नव्हतं म्हटलं."

पुढचं सांगण्यासारखं कमी आहे. बॉल मऊ होत गेला, पण त्याआधी ओल्वेराच्या लोकांनी त्याला झाडांपर्यंत पोचवलं होतं. आम्ही नऊ-चारने हरलो. फर्गस पुटपुटत होता, "माझा बॉल असता तर एवढा लांब गेलाच नसता." खरं होतं ते.  ब्रुनोकडे शेवटपर्यंत बरेच थ्रो गेले. त्याने पुन्हा तोंडाने आकडा उच्चारला नाही.

नंतर अल्डोना कुगेलिस घेऊन आली, बटाटा किसून भाजलेला, वर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे. दोन्ही टीम त्यावर तुटून पडल्या. तिने ब्रुनोचा डावा हात उलटा करून पाहिला. लालभडक, सुजलेला.

"बरं झालं, आता माझी भिंत सुटेल," ती म्हणाली. "वसंतापासून गॅरेजवर धाड, धाड. शेजारीण विचारते, घर पाडताय का? बॉल जरा मऊ झाला की याला चालत नाही, नवा आण. घरात जिकडेतिकडे मऊ बॉल. मांजर झोपतं त्यांवर."

फर्गसचा घास तोंडातच राहिला. "वसंतापासून? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस कुठे," ब्रुनो म्हणाला. "तू व्हॅन काढलीस."

ओल्वेराला ठसका लागला. त्याच्या पाठीवर फर्गसनेच थापट्या मारल्या, जरा जास्तच जोरात.

"मग पुढच्या गुरुवारी..." फर्गसने सुरुवात केली आणि ड्वेनकडे पाहून थांबला.

"पुढच्या गुरुवारी काय? मीच आहे," ब्रुनो म्हणाला. व्हॅनखालचा तो बॉल गवतात पडला होता, पॉलिश निम्मं गेलेलं. त्याने तो उचलला, एकदा दाबून पाहिला आणि ड्वेनच्या मांडीवर टाकला.

"पोरा, तू याच्यावर सुरुवात कर. भिंतीवर मारायचा आणि घ्यायचा. डाव्या हाताने."

"माझा उजवा चांगला आहे की."

"माझाही होता."

"आणि खरा बॉल?"

"हा हातात नीट बसायला लागला की नवा आणून देईन," ब्रुनो म्हणाला आणि कुगेलिसचा दुसरा तुकडा घेतला, डाव्या हाताने.