पाचव्या कृतीखालची ओळ

पाचशे पत्रकं मीच छापून घेतली, मीच वाटली. पुढं तीच परत गोळा करत फिरले, तेव्हा दोनशेसुद्धा हाताला लागली नाहीत. बाकीची कुठं गेली, कुणी वाचली, कुणाच्या डोक्यावर काय लागलं, मला माहीत नाही. हे आधीच सांगून टाकते. शेवट गोड असेल अशा आशेनं कुणी वाचायला बसू नये.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, अनगोळात राहायची. फायनल पास झाले होते, प्रभातफेरीत पुढं असायची आणि मला सगळ्याचीच चीड यायची. सगळ्यात जास्त चीड यायची विलायती साबणाची. आमच्या गल्लीतली बाई न्हाणीत वडीच्या कागदावरची गोरी मडम चिकटवते आणि बाहेर येऊन वंदे मातरम् म्हणते, हे मला सहन होत नव्हतं. कापडाच्या होळ्या झाल्या, पण न्हाणीत कोण डोकावतंय? मी डोकावायचं ठरवलं. नुसतं 'टाका टाका' म्हणून बाई वडी टाकत नसते, तिच्या हातात दुसरं काही द्यावं लागतं, एवढी अक्कल मला होती.

म्हणून दोन महिने मी परसात चूल मांडून बसले. खानापूरच्या बाजारातून शिकेकाई आणली. दोन वाट्या शिकेकाईला एक वाटी रिठे घातले, तर माझे केस सुंभासारखे झाले. रिठे निम्मे केले, मेथ्या भिजवून वाटून घातल्या, तेव्हा कुठं ते हाताला मऊ लागले. अंगाला लावायला मसुराचं पीठ, आंबेहळद आणि साय. भेगांना कोकमाचं तेल आणि मेण. मेण जास्त झालं की मलम टाचेवर पापुद्रा धरतं आणि चालताना गळून पडतं, हे मी स्वतःच्या टाचांवर शिकले. माक्याचा रस तेलात तडतडायचा थांबेपर्यंत आटवावा लागतो, नाहीतर आठवड्यात तेलाला वास सुटतो. पहिलं भांडं मी ओतून दिलं होतं. अशा चार कृती झाल्या. चारही माझ्या अंगावरून, माझ्या केसांतून गेलेल्या.

पाचवी मी करून बघितली नाही. माझ्या डोक्यात उवा नव्हत्या.

ती कृती निपाणीची. माझी थोरली बहीण, आमची आक्का, तिथं दिलेली. ती तंबाखूच्या वखारीत चाळणीवर बसायची. तिच्याच शेजारी एक म्हातारी बाई बसायची, तिला सगळ्या मावशी म्हणत. मी एकदा आक्काला भाकरी पोचवायला वखारीत गेले. आक्का हात धुवायला बाहेर गेली, तेव्हा मावशीनं खोकत खोकत सांगितलं, "वखारीतल्या बायांच्या डोक्यात ऊ टिकत न्हाय बघ. मूठभर तंबाकूचा चुरा रातभर पाण्यात टाकायचा, गाळायचा, खोबरेलात फेटायचा. केसांना लावून फडकं बांधायचं, तासाभरानं धुवायचं. समद्या मरत्यात." मी वही काढली. ती पुढं म्हणाली, "पर डोकं खाजवून सोललेलं असंल तर बोटबी लावायचं न्हाय. आणि बारक्या पोरांस्नी तर अजाबात न्हाय. आत उतरतंय ते." तेही मी लिहून घेतलं. शब्दन् शब्द.

बेळगावात एका छोट्या छापखान्यात पत्रक दिलं. वर मथळा, खाली पाच कृती, आणि अगदी तळाला ठळक अक्षरांत माझी घोषणा: 'विलायती वडी जिच्या न्हाणीत, गुलामी तिच्या अंगात!' तिच्यासाठी मी तीन दिवस डोकं खाजवलं होतं. अक्षरांचे खिळे जुळवणारा एक पोक्त माणूस होता. त्यानं चौकट हातात धरून मला बोलावलं.

"बाई, एक ओळ जास्त होतीय. पाठीमागं छापायचं म्हटलं तर कागद असा पातळ, शाई पलीकडं उमटणार."

"मग घोषणा बारीक करा."

"केली तरी मावत न्हाय. एक काढाच."

मी पत्रक वरून खाली वाचलं. सगळ्यांत ओकीबोकी ओळ मला पाचव्या कृतीखालची वाटली. 'डोक्यास जखम असल्यास व लहान मुलांस लावू नये.' त्यात ना चीड होती, ना जोर.

"ही काढा," मी म्हटलं.

त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं. "ही कामाची वाटतीय, बाई."

"बायकांना एवढं कळतं," मी म्हटलं. हे माझं वाक्य आहे. मी ते त्या माणसाच्या तोंडावर मोठ्या तोऱ्यात फेकलं होतं.

मग मी गावोगाव गेले. दुपारी बायका मोकळ्या होतात तेव्हा येळ्ळूरला, काकतीला एखाद्या जोत्यावर बसायचं आणि पत्रक मोठ्यानं वाचायचं. बहुतेकींना वाचता येत नव्हतं. पण कान असे की दोनदा ऐकलं की पाठ. घोषणा तर त्या माझ्याबरोबरच म्हणायच्या आणि हसायच्या. एक म्हातारी म्हणाली होती, "आमच्या न्हाणीत वडी न्हाय बाई, आमच्यात न्हाणीच न्हाय." सगळ्या खो खो हसल्या, मीही हसले. निपाणीला आक्काच्या गल्लीतही वाचलं. आक्का त्या दिवशी घरी होती, मावशी मात्र वखारीत होती.

आक्काची लेक तेव्हा आठ वर्षांची. तिला शाळेत घालायचं म्हणून मी आक्काशी किती भांडले होते! शेवटी घातली. महिन्याभरात मास्तरांनी घरी पाठवली: डोक्यात उवा आहेत, डोकं स्वच्छ झाल्याशिवाय बसवून घेणार नाही. पोरीनं खाजवून खाजवून डोकं सोलून काढलं होतं. शाळा सुटू नये म्हणून आक्कानं वखारीत खाडा केला.

मी त्या दिवशी उरलेली पत्रकं घेऊन दुपारच्या मोटारीनं निपाणीत उतरले. घरात शिरले तर पोर भिंतीला टेकलेली, पुढ्यात राखेचं घमेलं.

"आक्का, काय झालंय हिला?"

"ओकायलीया गं मघाधरनं. पोटात पाणी ठरंना. पित्त असंल."

"डोक्याला काय बांधलंयस?"

"तुझंच की गं. पाचवं." आक्का किती कौतुकानं म्हणाली! "तासभर म्हटलंवतंस, मी दोन तास ठेवलंय. लई झाल्यात."

पोरीचे ओठ पांढरे पडले होते. तोंडातून लाळ गळत होती. अंग गार, घामानं चिंब, आणि हात असे कापत होते की तिला स्वतःचं नाक पुसता येईना. खरं लिहायचं तर त्या क्षणी मला पोर दिसली नाही. मला ती ओळ दिसली. वहीतली, माझ्या अक्षरातली.

मी फडकं ओढून काढलं. खाली टाळू लाल, ओली, आणि तिच्यावर तपकिरी तेल. पाणी ओतायचं तेवढंसुद्धा मला सुचलं नाही. मी दवाखान्याकडं पळत सुटले. तिथला कंपाउंडर विडी ओढत म्हणाला, डॉक्टर खेड्यावर गेलेत, चारला येतील. मी त्याला काय काय बोलले! सरकारला बोलले, दवाखान्याला बोलले, त्याच्या विडीला बोलले. बोलण्यात मी पटाईत होते. त्यानं शांतपणे खुर्ची पुढं केली. तेव्हा मला रडू फुटलं, आणि मग मी वखारीकडं धावले.

मावशी चाळणी टाकून उठली. मुकादम मागून ओरडत होता, "ए म्हातारे, पाळी सुटली का?" तिनं मागं वळून बघितलं नाही.

"पाणी," घरात पाय टाकताच ती म्हणाली. "आणा, आणत ऱ्हावा. वाकवा तिला, तोंडात जाऊ दिऊ नका."

मी आणि आक्का आडावरून घागरी आणत होतो, मावशी ओतत होती. मसुराच्या पिठानं तेल काढत होती. माझ्याच दुसऱ्या कृतीचं पीठ. आक्कानं ते डब्यात भरून ठेवलं होतं. तरी केसांतून तपकिरी पाणी येतच राहिलं. मग मावशीनं कात्री मागितली. पोरीचे केस कमरेला लागायचे. आक्का रोज ते विंचरताना गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात कौतुक करायची. आता तिनंच कात्री आणून दिली.

पोर ओकत होती, मधेच डोळे पांढरे करत होती. आक्का तिचे तळवे चोळत होती. मी घागर धरून उभी होते. पाणी संपलं होतं की मी थांबले होते, आठवत नाही.

मावशी माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी सांगितलंवतं का न्हाय तुला?"

आक्काचे हात थांबले. "काय सांगितलंवतं?"

मी घागर खाली ठेवली.

"मावशी, काय सांगितलंवतं हिला?"

मावशीनं सांगितलं. आक्कानं ऐकून घेतलं आणि पुन्हा तळवे चोळायला लागली.

चारला डॉक्टर आले. नाडी धरून बराच वेळ बसले. सुई टोचली. म्हणाले, धुतलंत म्हणून आत्ता मला बघायला मिळाली. दिवे लागायच्या सुमाराला पोर वाटीभर पेज प्यायली आणि ती पोटात राहिली. बोडक्या डोक्यावरून तिनं हात फिरवला. "आता शाळेत घेतील?" म्हणाली. मला त्या घरात तोंड लपवायला जागा नव्हती.

आक्का माझ्याशी दुसऱ्या दिवशी सकाळी बोलली. चुलीपुढं बसून म्हणाली, "ते पत्रक आण." मी आणलं. "ती ओळ कुठं होती?" मी बोट ठेवलं. पाचव्या कृतीनंतर लगेच ठळक अक्षरांत घोषणा सुरू होत होती. "केवढी होती?" मी बोटानं या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढून दाखवली. वीतभरसुद्धा नाही.

"एवढीच?" आक्का म्हणाली.

तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच दिवसापासून मी पत्रकं गोळा करायला लागले. जिथं मिळालं तिथं काढून घेतलं, काढता येईना तिथं शाईनं ओळ लिहिली. येळ्ळूरला एकीनं ते आतल्या दारावर खळीनं चिकटवलं होतं. मी ओळ लिहायला लागले तशी ती म्हणाली, "कशाला शाई घालवतीस? हितं कोण वाचतंय? आमी तुझ्याच तोंडनं ऐकलंय."

मी दौत बंद केली. कागद परत घेता येतो. ऐकलेलं कसं परत घ्यायचं? ही बाई ते विहिरीवर बोलली असणार, माहेरी गेली तेव्हा बोलली असणार. जिथं मी कधी गेले नाही तिथंही माझी पाचवी कृती पोचली असणार, अगदी जशीच्या तशी.

मग मी कागद सोडले आणि पुन्हा जोत्यांवर बसायला लागले. काकतीला माझ्याभोवती सात-आठ बायका जमल्या. मी म्हटलं, पाचवं कुणाला येतंय? एक कडेवर मूल घेतलेली तरणी बाई पुढं आली. तिनं चुरा, पाणी, खोबरेल, फडकं, तास, सगळं बिनचूक म्हटलं. आणि न थांबता, त्याच दमात, घोषणाही म्हटली. बाकीच्यांनी तिला साथ दिली.

"त्याच्या मधी एक हाय," मी म्हटलं. "डोकं सोललेलं असंल तर लावायचं न्हाय. बारक्या पोरांस्नी अजाबात न्हाय. म्हणा."

तिनं म्हटलं.

"आता पयल्यापासनं."

तिनं पहिल्यापासून म्हटलं. चुरा, पाणी, खोबरेल, फडकं, तास. आणि घोषणा. कडेवरचं पोर डोकं खाजवत होतं.

"मधलं ऱ्हायलं," मी म्हटलं. "परत म्हणा."