आडावरचा पहारा

आमचे हे श्रीलंकेतल्या लढाईवरून परतले आणि काही महिन्यांत फौजेची नोकरी संपवून कायमचे घरी आले. तो दुष्काळाचा उन्हाळा होता. तेलगावच्या अलीकडे आमचं गाव. तिथे दिवसाआड टँकर यायचा. टँकरवाला पाइप सरळ आडात सोडायचा आणि पाणी तळाला टेकायच्या आत बायांचे पोहरे खाली गेलेले असायचे. अर्ध्या तासात आड पुन्हा कोरडा.

दोन म्हशींपैकी एक मी आधीच काढून टाकली होती. दुसरीला चार घागरी तरी लागायच्या. यांच्या पेन्शनचे कागद कुठल्यातरी टेबलावर पडून होते. तोवर दूध सोसायटीत घालू त्याच्यावरच घर. म्हैस आटली की सगळंच आटलं.

हे आले म्हणजे दोन हात वाढले, असा माझा हिशोब. पहिल्याच दिवशी मी पोहरा सोडायला गेले तर यांनी माझं मनगट धरलं. मला मागे सारलं, बाकीच्या बायांनाही हटायला लावलं. काठावर गुडघे टेकून वाकून पाहिलं, एकेक दोर डोळ्यांखालून घातला, खडा टाकून आवाज ऐकला. बाया थोड्याच थांबतात? शेजारीण म्हणाली, "भावजी, आडात वाघ बसलाय का?" सगळ्या हसल्या आणि पाणी शेंदायला लागल्या. मला दीड घागर गाळ मिळाला.

पुढच्या टँकरला तेच. त्याच्या पुढच्याला मी यांना घरीच बसा म्हणून सांगितलं, तर मागून आले आणि पुन्हा मनगट धरलं. त्या आठवड्यात सोसायटीत माझं दूध निम्म्यावर आलं. माप घेणाऱ्याने विचारलं, म्हैस गाभण आहे का. त्याला काय सांगणार, नवरा आडाला भितो म्हणून?

घरी येऊन मी घागर आपटली आणि विचारलं, हे काय चालवलंय. ते म्हणाले, "तिकडं दर घरामागं इहीर. वाकलं की हाताला पाणी. आमी दोन दिवसांचे तान्हेले. एकानं पोहरा उचलला तर खाली तार बांधलेली. सुरुंग होता." मग म्हणाले, "मीच म्हणलं होतं त्याला, तू हो म्होरं."

मला वाईट वाटलं. पण म्हैस दावणीला जीभ काढून उभी होती.

"ते तिकडचं झालं," मी म्हटलं. "हितं मी काय करू, ते सांगा."

मग मीच सांगितलं, "तुमी फौजेत पहारा करत होतात न्हवं? मग टँकर यायच्या आधी आडावर जाऊन बसा. कोण आलं, कुणी काय टाकलं, सगळं तुमच्या डोळ्यांदेखत. मग तर मला पोहरा सोडू द्याल?"

पुढचा टँकर यायचा त्या दिवशी हे पहाटेपासून काठावर बसले. टँकर आला, पाइप सुटला, यांनी मान हलवली आणि माझा पोहरा सगळ्यांच्या आधी खाली गेला. पाच घागरी. आता बाया वेगळं कुरकुरायला लागल्या, फौजीच्या बायकोचा नंबर कायम पहिला म्हणून. कुरकुरू देत. म्हैस जगली.

पुढच्या वर्षी आडाला पाणी आलं. टँकर बंद झाला. हे मात्र रोज पहाटे जाऊन बसतात, अजूनही. वैरण मी आणते, धारा मी काढते, दुधाची कॅन डोक्यावर घेऊन सोसायटीत मीच जाते. घरात धडधाकट माणूस असून कामाला नाही, याचा मला रोज राग येतो. बोलून पाहिलं, भांडून पाहिलं. ऐकून घेतात आणि पहाटे उठून जातात.

पाणी आणायला गेले की मी आधी त्यांच्याकडे बघते. त्यांनी मान हलवली की मगच पोहरा सोडते. त्यात माझा वेळ जातो. पण न बघता सोडला तर ते मनगट धरतात, आणि त्यात जास्त जातो.