विमलताईंचा कान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भागीदाराला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही — एवढंच कारण असेल.

नागपूरबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत माझं लहानसं वर्कशॉप आहे. पंपांना लागणारे बिडाचे ब्रॅकेट ओतून येतात, आम्ही ते घासून, भोकं पाडून पुढे देतो. ओतकामात कधीकधी आत केसाएवढी भेग राहते. वरून दिसत नाही, आणि पंप सुरू झाला की काही दिवसांत तुकडे. म्हणून प्रत्येक नग तपासावा लागतो. ते काम विमलताईंचं होतं.

तपासायचं म्हणजे काय — हातोडीनं हलकेच ठोकायचं आणि ऐकायचं. नग चांगला असला की ताई म्हणायच्या, "हा बोलते." भेग असली की, "हा मुका हाये." बस, एवढंच. माझ्या वडिलांच्या काळापासून त्या हेच करत होत्या आणि त्यांचा शब्द आम्ही कधी पुन्हा तपासला नाही. उन्हाळा आला की आमच्यापैकी कुणाला माठ घ्यायचा असला तरी ताईंना सोबत न्यायचं. माठवाले त्यांना लांबून पाहूनच कपाळाला हात लावायचे.

छोट्या उद्योगांनी नवं तंत्रज्ञान उभं करावं म्हणून सरकार अनुदान देतं, हे मला एका मित्राकडून कळलं. मी प्रस्ताव लिहिला : आवाजावरून भेग ओळखणारं यंत्र. अर्जात एक रकाना होता, मूळ कल्पना कोणाची. मी माझं नाव लिहिलं. पण मी बोलायला बसलोय ते याबद्दल नाही. म्हणजे हेही आहेच, पण ते नाही. बघा — अजून टाळतोच आहे.

यंत्र साधं होतं. छोटी हातोडी नगावर आपोआप पडते, मायक्रोफोन ऐकतो, संगणक ठरवतो. मग पुढच्या बाजूला हिरवा दिवा किंवा लाल. पण संगणकाला आधी शिकवावं लागतं. त्यासाठी ताई टेबलामागे स्टुलावर बसायच्या. टेबलाखाली एक पायपट्टी होती. नग मुका वाटला की ती पायानं दाबायची. संगणक तो आवाज 'मुका' म्हणून साठवायचा. अख्खा हिवाळा ताई अशा शिकवत होत्या. मधूनच यंत्राला म्हणायच्या, "आता तरी समजलं काय गा तुले?" सगळे हसायचे, मीही.

समिती पाहणीला येणार, त्या सकाळी यंत्र बिघडलं. बाजूच्या शेडमध्ये नवा प्रेस बसवला होता. त्याच्या धडधडीनं मायक्रोफोन गोंधळला आणि जो नग ठेवावा त्याला लाल दिवा. मी समितीला सांगू शकलो असतो की आज जमत नाही, दुसरी तारीख द्या. संशोधन आहे, कधीतरी फसणारच, त्यात लाज कसली? हे मला नंतर सुचलं असं म्हणायचीही सोय नाही. तेव्हाही माहीत होतं.

मी पायपट्टीची वायर संगणकातून काढली आणि थेट दिव्यांना जोडली : दाबली की लाल, नाहीतर हिरवा. दोन मिनिटांचं काम.

ताईंना काही सांगितलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "आज बी दाबाचं काय, साहेब?" मी म्हणालो, "हो ताई, रोजच्यासारखंच."

समितीत तिघं होते. त्यांनी आपल्या पिशवीतून खुणा केलेले नग आणले होते. कुठले फुटके ते त्यांनाच ठाऊक. एकानं ताईंकडे बोट दाखवून विचारलं, या कोण? मी म्हणालो, "हेल्पर. नग उचलून ठेवायला." ताई तिथेच होत्या. त्यांनी पदर खोचला आणि पहिला नग ठेवला.

एकामागून एक दिवे बरोबर लागत गेले. समिती खूश. मीसुद्धा — कबूल करतो — तेवढा वेळ विसरून गेलो होतो की ते यंत्र नाही, एका बाईचा पाय आहे. फक्त एका नगाला लाल दिवा लागला आणि त्यांच्या कागदावर तो चांगला होता. त्यांनी तो तिथल्या तिथे मधोमध कापून पाहिला. आत स्वच्छ. एखादी चूक यंत्राकडून व्हायचीच, असं म्हणून त्यांनी ती लिहून घेतली आणि चहा पिऊन गेले. अनुदानाचा पुढचा हप्ता मंजूर झाला.

आता तुम्ही म्हणाल, फसवणूक केलीत, हीच ना ती गोष्ट? नाही. ती पुढे आहे.

ते गेल्यावर मी ताईंना म्हणालो, "तो एक नग चांगला होता. तुमचा कान चुकला." असं का म्हणालो? कुणी विचारलं नव्हतं. काम झालं होतं. पण इतका वेळ त्यांच्या पायाकडे बघत उभा होतो, आणि त्या कुठेतरी चुकल्या याचं मला बरं वाटलं. खरं सांगतो, बरं वाटलं.

त्यांनी कापलेला अर्धा तुकडा उचलून पाहिला. मग म्हणाल्या, "मधून कापलं न? बोल्टाच्या भोकापाशी काहून नाही कापलं?"

मी म्हणालो, पुरे झालं आता.

त्यानंतर ताई प्रत्येक नग दोनदा ठोकायला लागल्या. मग तीनदा. "मले तं मुका वाटते, पण तुम्ही पाहा," असं म्हणायला लागल्या. दिवाळीनंतर एक दिवस त्यांनी हातोडी माझ्या टेबलावर आणून ठेवली. "कान गेला, साहेब. चुकीचा माल जाईन माह्या हातानं." मी थांबवलं नाही. तोवर यंत्र नीट चालायला लागलं होतं, त्यांनीच शिकवलेल्या आवाजांवर.

त्या कापलेल्या नगाचा अर्धा तुकडा मी कागदांवर वजन म्हणून ठेवत असे. ताई गेल्यावर दोनेक महिन्यांनी तो हातून फरशीवर पडला आणि बोल्टाच्या भोकापाशी तुटला. बीड नव्यानं तुटलं तर आत करडं चकचकतं. इथे निम्मी बाजू काळपट होती. म्हणजे भेग जुनी, ओतल्यापासूनची. नग मुकाच होता. समितीचा कागद चुकला होता, करवत चुकली होती. ताई चुकल्या नव्हत्या.

तुकडे स्कूटरच्या डिकीत घालून मी त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. तिथे उभा राहिलो. त्यांना हे सांगायचं, तर त्या दिवशी दिवे कोण लावत होतं तेही सांगावं लागलं असतं, आणि मग हेल्पर हा शब्दही आला असता. परत फिरलो. तुकडे आता खणात आहेत.

यंदा एप्रिलमध्ये मनीषनगरात रस्त्याच्या कडेला माठांचा ढीग लागला होता. तिथे ताई दिसल्या. एक माठ हातात, पण ठोकत नव्हत्या. माठवाल्याला विचारत होत्या, चांगला हाये न? मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. घरच्यांची चौकशी केली, यंत्राची केली. "चालते न बरोबर?" मी म्हणालो, चालतं.

मग त्यांनी माठ माझ्यापुढे धरला. "तुम्ही वाजवून पाहा न, साहेब. मले आता नाही समजत."

मी बोटानं ठोकून पाहिलं. मला सगळे माठ सारखेच वाजतात, पहिल्यापासून. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी म्हणालो, "बोलते, ताई."

त्यांनी तो घेतला.