आप्पांची जपून ठेवलेली श्रद्धांजली

आप्पा रोज सकाळी सहा वाजता स्वतःच्या श्रद्धांजलीसमोर बसून प्राणायाम करायचे. हे मी अलंकारिक बोलत नाही. देवळाच्या सभामंडपात ते घोंगडी अंथरायचे आणि समोरच्या खांबाला लॅमिनेट केलेला एक कागद टेकवून ठेवायचे. त्यावर आप्पांचा फेट्यातला फोटो, जोडलेले दोन हात आणि मजकूर : 'प्रगतशील शेतकरी आप्पा आज आपल्यात नाहीत. माझा जवळचा सहकारी हरपला. भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली नाव तात्यांचं. राहू-खुटबावच्या बाजूला आमचं गाव, आणि तात्या म्हणजे आमच्याकडचे हौशी पुढारी.

मी शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेला माणूस. सकाळी देवळात योगाचा वर्ग घेतो. आप्पा माझ्याकडे आले ते डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. शिरूरला लेकीकडे गेले असताना सकाळच्या चहालाच त्यांच्या छातीत कळ आली. जावयाने वेळेवर दवाखान्यात नेलं, दोन स्टेंट टाकले, माणूस वाचला. गावात मात्र अर्धीच बातमी पोचली. मयताची खबर गावाला पहिली आपण द्यायची आणि दशक्रियेला पहिलं भाषण आपण करायचं, यावर तात्यांचं निम्मं पुढारपण उभं होतं. त्यांनी कुणाला काही न विचारता गावाच्या ग्रुपवर श्रद्धांजली टाकून दिली.

आप्पांची बायको, हौसामामी, गाईच्या धारांसाठी गावीच राहिली होती. लेकीचा फोन लागत नव्हता. ग्रुपवरचं वाचून बायका जमल्या, रडारड झाली आणि रीतीप्रमाणे जे करतात ते त्यांनी केलं. ओट्याच्या दगडावर मामींच्या हिरव्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. दुपारी जावयाचा फोन आला, की आप्पांनी दोन वाट्या पेज घेतली आणि गाय दूध देते का म्हणून विचारतायत. मामी तेव्हा मोकळ्या मनगटांनी भिंतीला टेकून बसलेल्या होत्या. जमलेल्या बायकांपैकी एकीलाही त्यांच्याकडे बघवेना.

तात्या काय म्हणाले? "म्हाईती चुकीची आली. पोस्ट डिलीट केली न्हवं? आन् अशानं मानसाचं आयुष्य वाढतंच."

घरी परतल्यावर आप्पांनी वरवंडच्या बाजारातल्या कासाराला दारात आणून मामींना बांगड्या भरवल्या. मग पुतण्याच्या मोबाइलमध्ये राहिलेली ती पोस्ट घेऊन दौंडला गेले आणि तिची प्रिंट काढून, लॅमिनेट करून आणली. मग माझ्याकडे आले.

पहिल्याच दिवशी मी पढवलेलं बोललो. आप्पा, डॉक्टर म्हणतात मन शांत ठेवा, राग सोडा. आप्पा घोंगडीवर मांडी घालत म्हणाले, "सर, तुमी श्वास सोडाय सांगा, सोडतो. राग सोडाय सांगू नगा. त्याच्यावरच गाडी चाललीय."

असा विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही. मीठ सोडलं, तंबाखू सोडली, वर्ग एक दिवस चुकवला नाही. बाकीचे थंडीत दांड्या मारायचे, आप्पा कानाला मफलर गुंडाळून हजर. कपालभाती शिकवा म्हणून मागे लागायचे, मी ती त्यांना करू दिली नाही. त्यांचा भर भ्रामरीवर. सकाळी तात्यांची गाडी देवळासमोरून गेली, की आप्पांचा भुंगा असा घुमायचा की खांबावरचा कागद थरथरतो की काय असं वाटायचं. मी डोळे मिटून गप्प बसायचो. खरं सांगायचं तर मला त्याची मजा वाटायची.

ध्यान शिकवताना मी सांगायचो, विचार आला तर त्याला हाकलू नका, त्याच्या मागेही जाऊ नका, नुसतं बघा. एकदा मी विचारलं, आप्पा, जमतं का बघायला? "जमतं की. रोज तात्याच येतोय. मी त्येला म्हंतो, ये, बस हितं. मी कसा श्वास घेतो ते बघ." त्या वर्षी तपासणीत त्यांचं बीपी माझ्यापेक्षा चांगलं निघालं. मी रोज क्षमेवर बोलत होतो आणि गोळी मला चालू झाली होती.

एक गाढवपणा माझ्याही हातून झाला. तात्यांनी मला मध्ये घातलं : यात्रेत आप्पांचा जाहीर सत्कार करू, शाल-श्रीफळ देऊ, विषय मिटवू. मी निरोप घेऊन गेलो. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "शाल मला कशाला? मी तर मेलोच नव्हतो. बांगड्या हिच्या फुटल्या. हिच्या दारात येऊन चुकलं म्हणावं. तेवढं न्हाई जमलं, तर माझ्या दशक्रियेत त्येला माइक द्यायचा न्हाई. सर, ह्ये तुमच्याकडं लागलं." मामी आतून म्हणाल्या, "सरास्नी चहा द्या आन् जाऊ द्या."

मी ते तात्यांना सांगितलं. तात्या हसले. "बाईमानसाची माफी मागू व्हय? लोकं काय म्हंतील?" त्या दिवसापासून माझाही क्षमेवरचा विश्वास उडाला. वर्गात मी तो विषय काढायचंच बंद केलं.

आप्पा त्या श्रद्धांजलीनंतर आठ वर्षं जगले. गेल्या वर्षी एका दुपारी उसाला पाणी धरून आले, ओट्यावर टेकले आणि तसेच गेले. या वेळी तात्यांनी आप्पांच्या लेकीला दोनदा फोन करून खात्री केली आणि मगच पोस्ट टाकली. बायका पुन्हा जमल्या. एकीने मामींचा हात धरला, तेव्हा मामींनी तो सोडवून घेतला. "माझ्या फोडून झाल्यात. आठ वर्सं झाली. आता ह्या ऱ्हाऊ द्या."

दशक्रियेला नदीच्या घाटावर मांडव भरलेला होता. कावळा लगेच शिवला. मला जरा वाईटच वाटलं. आप्पांची इच्छा राहिली होती हे मला माहीत होतं, कावळ्याला नव्हतं. आमच्याकडे अशा कार्यात माइक मास्तरच्या हातात असतो. प्रवचन संपलं तसे तात्या पांढऱ्या टोपीला हात लावत उठले. मी माइक दिला नाही. पिशवीतून आप्पांचा तो लॅमिनेट केलेला कागद काढला.

"तात्यांनी आप्पांना आठ वर्षांपूर्वीच श्रद्धांजली वाहिलेली आहे," मी म्हणालो. "आप्पांनी ती शेवटपर्यंत जपली. तात्यांना पुन्हा त्रास नको, म्हणून मीच वाचतो." आणि अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. कुणी हसलं नाही. बायकांच्या बाजूने नुसता पदर सावरल्याचा आवाज आला. मग मी सांगितलं, आज भाषणं नाहीत. आप्पा रोज बसायचे तसं दहा मिनिटं सगळ्यांनी डोळे मिटून बसायचं आणि आपला श्वास बघायचा.

शेकडो माणसं गप्प बसली. नदीकडून मोटारीचा आवाज तेवढा येत होता. मी डोळे उघडेच ठेवले होते, मला बघायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच तात्या दशक्रियेत न बोलता बसले होते. मांडी मोडत होते, टोपी काढत होते, घालत होते. पाचेक मिनिटांनी त्यांचं डोकं खाली गेलं. आणखी थोड्या वेळाने ते उठले, वाकून वाट काढत बायकांच्या बाजूला गेले आणि मामींसमोर उभे राहिले. आवाज अगदी हळू होता, पण त्या शांततेत मला ऐकू आला.

"वैनी, तवा चुकलं माझं."

मामींनी डोळे उघडले. हिरव्या बांगड्यांचा हात वर करून त्यांना थांबवलं.

"अजून येळ व्हायचाय," त्या म्हणाल्या. "खाली बसा."

तात्या होते तिथेच, जमिनीवर बसले. मी घड्याळ बघितलं. दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. मी कुणालाच डोळे उघडायला सांगितलं नाही.