पहिल्या नंबराची चढाई

आमच्या हायस्कुलात दुसरा नंबर काढायला चढाओढ असायची. खोटं नाही सांगत. सहामाहीच्या पेपरात हुशार पोरं एखादं प्रमेय येत असूनही कोरं सोडायची. कारण पहिला येईल त्याला गॅदरिंगच्या दिवशी कबड्डीची पहिली चढाई करावी लागायची, आणि समोर असायचे माजी विद्यार्थी.

ही प्रथा कुण्या जुन्या हेडमास्तरांनी पाडलेली. अभ्यासू पोरांनी मैदानात उतरावं, पैलवान पोरांना अभ्यासाची किंमत कळावी, असा काहीतरी थोर विचार होता म्हणे. झालं भलतंच. माजी विद्यार्थी म्हणजे वीस-पंचविशीतले रेडे. कुणी साखर कारखान्यावर, कुणी ट्रॅक्टरवर, सगळे शाळेत असताना छड्या खाल्लेले. सरांना हात लावता येत नाही म्हणून ते सरांच्या लाडक्याला वर्षातनं एकदा धरायचे. मी आठवीत असताना पहिल्या आलेल्याचं मनगट मोडलं. पुढच्या वर्षी एकाचा जबडा सरकला, तो कितीतरी दिवस पेज पीत होता. गाव कडेला उभं राहून शिट्ट्या मारायचं. शिक्षकही हसायचे, याची मला अजून चीड येते.

मुली बऱ्याचदा पहिल्या यायच्या. मग ‘मुलांत पहिला’ असा वेगळा नंबर काढून त्या बिचाऱ्याला पुढं ढकलायचे. म्हणजे आमचा पहिला नंबर फळ्यापुरता. दहावीत सहामाहीला मी पहिली आले. मुलांत पहिला आला तो इतका काटकुळा, की धडा वाचतानाही त्याला धाप लागायची. निकाल लागल्यापासून त्याचं जेवण तुटलं होतं.

मी खेळाच्या सरांकडं गेले. म्हटलं, “सर, पहिली मी हाय. चढाई माझी.”

“तू पोरगी हायेस.”

“नंबर काढताना न्हवते का?”

सरांनी छडी टेबलावर आपटली. “आगाऊपणा करू नको. काय मोडलं तर तुझ्या बापाला काय सांगू?”

बापाला मीच सांगितलं. त्यांनी कानाखाली एक ठेवून दिली. आईनं पाठीत लाटणं घातलं. “दात पाडून आलीस तर कोण करून घेणार तुला?” म्हणाली आणि स्वतःच रडत बसली. मला ना बक्षीस हवं होतं ना टाळ्या. पहिली आलेय तर पहिली म्हणून मोजा, एवढंच माझं म्हणणं होतं. शेवटी सर वैतागून म्हणाले, “जा, मर.”

मैदानावर पाणी मारून रोलर फिरवला होता. पोरं मोबाईल वर धरून उभी होती. समोर सात जण, आणि त्यांत डाव्या कोपऱ्यात दादा, माझा चुलतभाऊ. मी दम धरला, कबड्डी कबड्डी करत आत शिरले. बघते तर सगळ्यांनी हात पाठीमागं बांधलेले. एकानं तर गाल पुढं केला. दादा म्हणाला, “शिव बाय, शिव अन् घरी जा. भाकरी थापायच्या राहिल्यात.” सगळं मैदान खिदळलं.

असं अंग पेटलं माझं. दम न सोडता दादाच्या नडगीवर लाथ घातली. शिवायची लाथ नव्हती ती, मारायची होती. तो कळवळून वाकला. गाल पुढं करणाऱ्याच्या तोंडावर पंजा दिला, त्याचं नाक फुटलं. हात सुटले मग सगळ्यांचे. मी मागं वळले, तेवढ्यात दादानं घोटा धरला. आमच्या घरी आजा होता तोवर मेंढरं होती. एडक्याचा मागचा पाय कसा धरायचा हे आम्ही दोघं एकाच कळपात शिकलो होतो. मी दुसऱ्या पायानं त्याच्या तोंडावर लाथा झाडल्या, त्यानं पकड सोडली नाही. मग बाकीचे अंगावर पडले. कुणाचं तरी कोपर तोंडात बसलं. मातीत नखं रुतवून मी सरपटले. मधली रेषा वीतभर राहिली आणि दम गेला.

सगळे उठले तेव्हा पुढचे दोन दात मातीत पडलेले होते. दादाचा ओठ फाटला होता. शिट्ट्या बंद झाल्या होत्या.

सर धावत आले, दोन्ही हात हलवत. “ही चढाई धरायची न्हाय. पोरगी हाय ती. पयल्यापासनं घ्या.” आणि त्यांनी त्या काटकुळ्याला हाक मारली. गुणांच्या पाटीजवळचा शिपाई खडू हातात घेऊन तसाच थांबला.

मला रडू फुटलं. दुखत होतं म्हणून नाही, संतापानं. दोन दात गेले आणि हे म्हणतात काही झालंच नाही. “सर, मी बाद झाले. त्यांचा गुण लिवा.” तोंडात रक्त, शब्द नीट निघेनात. परत म्हटलं. सर म्हणाले, “दवाखान्यात चल.” मी मधल्या रेषेवर फतकल मारून बसले.

दादा रक्त थुंकून म्हणाला, “लिवा सर. मी धरलीय तिला. बाद हाय ती.”

शिपायानं सरांकडं बघितलं आणि माजी विद्यार्थ्यांच्या बाजूला एक गुण लिहिला. मग मी उठले आणि बाद झालेल्यांच्या जागेवर जाऊन बसले. मैत्रिणीनं दात रुमालात बांधून आणून दिले. इंदापूरच्या दवाखान्यात न्यायला जीप आली, फाटकाशी हॉर्न देत राहिली. मी हलले नाही, कारण नियम मला पाठ होता. आपल्याकडच्या कुणी गुण आणला की पहिला बाद झालेला परत आत जातो.

थोड्या वेळानं आमच्या शाळेच्या संघातल्या एकानं गुण आणला. सर माझ्याकडं बघेनात. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, तेव्हा त्यांनी मान हलवली.

पुढची चढाई दादाची होती. रेषा ओलांडून तो आत आला, एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि बाकी सगळ्यांना सोडून सरळ माझ्याच अंगावर आला.