ईश्वरप्पाचा न भाजणारा पाय

शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावात ईश्वरप्पाचं किराणा दुकान आहे. पण गाव त्याला ओळखतं ते पायांमुळं. वीरभद्राच्या यात्रेत निखाऱ्यांवरून बाकीचे उड्या मारत पळतात. ईश्वरप्पा मधोमध थांबायचा, हात जोडायचा, मग सावकाश पुढं जायचा.

"काहीच कळत न्हाई बघा. त्याची कृपा," असं तो आल्यागेल्याला सांगे. गावानं दोनदा शाल घातली.

कृपा कसली, साखर होती. तिनं तळपायातल्या नसा केव्हाच बधिर केल्या होत्या. पाय भाजायचे ते भाजायचेच. यात्रेहून आला की बायको शरणम्मा दार लावून फोडांना मलम लावी. अलीकडं चालता चालता त्याची उजवी चप्पल मागंच राही. तीही शरणम्माच उचलून आणी.

मग कंबर गेली. मणका सरकला होता. लातूरच्या डॉक्टर रविकिरणनी स्क्रू घालून मणके सांधायचं ठरवलं. रक्तात साखर सापडली, म्हणून ती खाली येईपर्यंत ऑपरेशन पुढं ढकललं. रक्त खोटं बोलत नाही. पायाचं मात्र ईश्वरप्पाच्या तोंडावर अवलंबून होतं.

"मामा, पाय बधिर वाटतो का? चप्पल निसटते? तंबाखू? नीट सांगा. नस आधीच दुबळी असली, तर ऑपरेशननंतर पाऊल लुळं पडायची भीती वाढते."

खोलीत मेहुणा धोंडप्पा बसला होता, देवस्थानचा पंच. बधिर म्हटलं की दोन्ही शाली गेल्या.

"तंबाखू कवाच सोडली. पायाला काय धाड भरली?" ईश्वरप्पा म्हणाला. गालात तंबाखूची गोळी तशीच होती.

डॉक्टरनी सुई टोचली. ईश्वरप्पा डोळ्यांच्या फटीतून सुईकडं बघून दर वेळी "कळतंय" म्हणाला.

"डॉक्टरसाब, ती चप्पल..." शरणम्मानं सुरुवात केली.

"तू गप गं."

धोंडप्पा भारावून गेला. "सुई कळती अन् आग कळत न्हाई! म्हंजे कृपा आगीपुरतीच हाय." गावात परतून त्यानं हाही चमत्कार पसरवला.

ऑपरेशन झालं. कंबरेची कळ थांबली, पण उजवं पाऊल वर उचलेना. चालताना अंगठा फरशीला घासे. यात्रेला चार महिने होते. ईश्वरप्पाचा जीव पायात नव्हता, यात्रेत होता. त्यानं दवाखान्यात आरडाओरडा मांडला. "चांगल्या पायाची नस कापली! नीट चालत आलो होतो मी."

डॉक्टरनी शांतपणे विचारलं, "मामा, आधी या पायाला चटका कळत होता?"

"सगळं कळत होतं!"

"मग आगीत काय, बर्फ लागत होता व्हय?" शरणम्मा म्हणाली.

वॉर्डातला एक पेशंट फिस्सकन हसला. धोंडप्पानं खिडकीतून बाहेर बघितलं. ईश्वरप्पापुढं दोनच वाटा होत्या. कळत होतं म्हणावं तर कृपा खोटी, कळत नव्हतं म्हणावं तर तक्रार खोटी. त्यानं पाणी मागितलं.

डॉक्टरनी पाऊल उचलून धरणारा पट्टा दिला, व्यायाम दिला. "साखर आवरा, तंबाखू थुंका. नस हळूहळू सुधारेलही." ईश्वरप्पानं पट्टा खुंटीला अडकवला. व्यायाम करताना कुणी पाहिलं तर?

यात्रा आली. आगीजवळ त्याला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. "डॉक्टरनं पाय नेला, कृपा न्हाई नेता आली," तो सांगत होता. माणसं माना डोलवत होती. तेवढ्यात एक निखारा उडून त्याच्या उजव्या पावलावर पडला. कातडी चुरचुरली, वास सुटला. ईश्वरप्पा बोलतच होता.

धोंडप्पानं ते पाहिलं आणि हात जोडले. मागच्या चौघांनीही जोडले.

शरणम्मानं पदरानं निखारा झटकला, तांब्यातलं पाणी पावलावर ओतलं आणि खुंटीवरून आणलेला पट्टा त्या चौघांसमोर त्याच्या पायाला बांधायला घेतला.

"अगं, लोकं बघायलेत," ईश्वरप्पा पुटपुटला.

"बघू द्या की," ती म्हणाली. "तुमाला कुटं कळतंय?"