एक जूनवाल्यांचे महापौर

निवडणूक हरूनही महापौर राहिलेला जगात एकच माणूस आहे, आणि ते माझ्या मेहुण्याचे जर्मन सासरे आहेत. जर्मनीतल्या एका शहरात आधी लेथवरचे कामगार, मग युनियनचे पुढारी, मग सोशल डेमोक्रॅट नगरसेवक आणि शेवटी महापौर, अशी त्यांची चढती कमान. बड्या लोकांच्या वस्तीतलं पार्किंग उखडून त्यांनी कामगारवस्तीकडे ट्राम नेली. ट्राम धावली, हे पडले. पत्नी गेल्यावर मस्कतला, माबेलात मुलीकडे राहायला आले ते खुर्ची बरोबर घेऊनच. रस्त्यावरचा दिवा बंद दिसला की खांबाचा नंबर टिपून घेतात. दही आणायला पाठवावं, तर रांगेतल्या प्रत्येकाशी हस्तांदोलन करून दह्याशिवाय परत येतात.

त्यांच्या शहरात नव्वदी गाठणाऱ्याच्या घरी महापौर स्वतः फुलं घेऊन जातात आणि ऐंशीला पत्र पाठवतात. इथे नव्वदीचं कोण सापडणार? साठी आली की आपली माणसं गावाला. मग त्यांनी मर्यादा पन्नासवर आणली. मस्कतच्याच हमरिया भागातल्या माझ्या दुकानात बसून आसपासच्या कोकणातल्या लोकांची ओळखपत्रं पाहिली, वहीत तारखा उतरवल्या आणि चक्रावले. "अकरा जण, आणि सगळे एक जूनचे? नऊ महिने आधी कोकणात झालं तरी काय होतं?"

मी सांगितलं, शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की मास्तर सरसकट एक जून लावून टाकत. ते एकदम गंभीर झाले. "म्हणजे यांच्या खऱ्या दिवशी कुणी आलंच नाही?" आणि जूनच्या त्या भट्टीत, टाय लावून, अकरा गुच्छ घेऊन निघाले; गुच्छ दिला की वहीत नावापुढे बरोबरची खूण. रत्नागिरीचे इब्राहिमचाचा टेलर मशीनवरून उठत म्हणाले, "सायेब, आमच्या आयेला पण तारीख म्हायत नव्हती, नि तुम्ही फुलं आणलीत!"

यंदा त्यांनाच ऐंशी पूर्ण झाली. शहराचं पत्र येणार याची त्यांना पक्की खात्री. "मला पाडलं म्हणून काय झालं? पद्धत ती पद्धत." इथे टपाल घरी येत नाही, म्हणून महिनाभर माझ्या दुकानाच्या टपालपेटीकडे खेपा घातल्या. वाढदिवस उजाडला, पत्र नाही. मेहुणा चिडून तिकडे फोन लावायला निघाला, तर यांनीच अडवलं. "पत्र फक्त रहिवाशांना जातं. मी आता तिथला नाही. नियम बरोबर आहे, मीच केला होता." बोलले ताठ मानेनं, पण समोरचा चहा तसाच गार झाला. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी माबेलातल्या घराचं दार वाजलं. इब्राहिमचाचा, मागे बाकीचे दहा एक जूनवाले, त्या उकाड्यात कोट घालून. चाचांनी गुच्छ पुढे केला. "हमरियाच्या वतीनं. आमचा महापौर ऐंशीचा झाला."

कशावरही तासभर बोलू शकणाऱ्या त्या माणसानं नुसता गुच्छ घेतला. मग उठून वही आणली, शेवटी स्वतःचं नाव लिहिलं, पुढे बरोबरची खूण केली, आणि पत्त्याच्या रकान्यात, जरा थांबून, 'हमरिया' लिहिलं. राहतात ते माबेलात. पण एक जूनवाल्यांच्या वहीत एवढं खोटं चालतं.